काळ्या खिडकीशिवाय लिनक्स चालेल का?

बडोद्याच्या कारेलीबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांचा हा प्रश्न आहे. त्यांचा लॅपटॉप २०१६ सालचा, सहाव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. भाचा म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून घ्या. त्या विचारतात: "मला मराठी आणि गुजराती टाइप करायचं असतं, महिला मंडळाचा हिशेब असतो, बँक, फोटो, प्रिंट आणि मुलीशी व्हिडिओ कॉल. पण लिनक्समध्ये काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा लिहाव्या लागतात असं ऐकलं आहे. या वयात ते मला जमायचं नाही. त्याशिवाय चालेल का?"

ताई, चालेल. तुमच्या रोजच्या कामासाठी ती खिडकी उघडावी लागणार नाही. पण हा होकार दोन अटींवर आहे. लिनक्स बसवण्याआधी लॅपटॉपचं वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यायचा, ही एक. आणि पुढे कधी बिघडलंच तर काय करायचं, हे बिघडायच्या आधी ठरलेलं असायला हवं, ही दुसरी. त्या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. घरगुती माणसाच्या वाट्याला ते येतं या दोन वेळांना: बसवताना आणि बिघडल्यावर. मधल्या दिवसांत त्याची गरज पडत नाही. म्हणून मी खाली रोजच्या वापराबद्दल थोडं आणि या दोन वेळांबद्दल जास्त लिहितो.

मी दांडिया बाजारात संगणक दुरुस्तीचं काम करतो, २००४पासून. तुमच्या कानावर आलेली भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण त्या काळात ती खरी होती. तेव्हा उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीड्या परदेशातून फुकट टपालाने घरी यायच्या. मीही मागवल्या होत्या. लिनक्स बसायचं, पण स्क्रीनचा आकार नीट यावा म्हणून एक फाइल हाताने लिहायला लागायची. ब्रॉडबँड जोडायला टर्मिनलमध्ये पीपीपीओई-कॉन्फ नावाचा प्रोग्राम चालवायचा. वायफायला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, नसला तर विंडोजचाच ड्रायव्हर एका वेगळ्या प्रोग्रामात गुंडाळून वापरायचा. साधं एमपी३ गाणं ऐकायलाही वेगळं पॅकेज लागायचं. त्या वर्षांत मी कोणाच्या घरी लिनक्स टाकत नव्हतो, आपल्याच संगणकावर शिकत होतो. ज्यांनी लिनक्स तेव्हा पाहिलं आणि सोडलं, त्यांच्या बोलण्यात ते अजून तसंच आहे.

आज घरगुती माणसाला मी मिंट नावाचं लिनक्स देतो, सिनॅमन डेस्कटॉपचं. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरची मांडणी. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघड्या खिडक्यांची पट्टी. विंडोज वापरलेल्या हाताला वेगळं काही शिकावं लागत नाही. सध्याची २२ची मालिका उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटू आणि झोरिनही चांगले. फेडोरा मला स्वतःला आवडतो, पण त्यात व्हिडिओच्या काही प्रकारांसाठी प्रोग्रामांचा बाहेरचा साठा जोडावा लागतो, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

तुमची रोजची कामं भराभर सांगतो, कारण तिथे अडचण नाही. बँक ब्राउझरमध्ये चालते आणि फायरफॉक्स आधीपासून असतो. क्रोम हवा असेल तर गूगलच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची, तिच्यावर डबल-क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. त्याचे पुढचे अपडेट आपोआप नेहमीच्या अपडेटबरोबर येतात. मंडळाचा हिशेब लिबर-ऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवा आणि फाइल एक्सेलच्या प्रकारात सेव्ह करा, म्हणजे दुसऱ्या कोणालाही उघडेल. मुलीशी झूमवर किंवा गूगल मीटवर बोलता येईल. फोन केबलने जोडून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं की फोटोंचे फोल्डर समोर दिसतात. व्हॉट्सॲप वेबसाठी मिंटमध्ये 'वेब ॲप्स' नावाची सोय आहे. तिच्यातून मेनूत वेगळं चिन्ह बनतं आणि ते वेगळ्या खिडकीत उघडतं. नवा प्रोग्राम लागला तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधून 'इन्स्टॉल' दाबायचं. अपडेट आले की खाली उजवीकडच्या ढालीवर खूण येते.

टायपिंगबद्दल मात्र लांबण लावतो. बडोद्यातल्या मराठी माणसाचं काम एका लिपीत भागत नाही. मंडळाची सूचना मराठीत, सोसायटीचं पत्र गुजरातीत, बँकेचा अर्ज इंग्रजीत. विंडोजवर आपल्याकडे बहुतेकांनी यासाठी कुठलं तरी वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. मिंटमध्ये ते लागत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट (म्हणजे कळांची मांडणी), तिथल्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून यादीतून मराठी निवडायचं, मग पुन्हा गुजराती. आवृत्तीप्रमाणे ही जागा थोडी इकडेतिकडे होते, पण कीबोर्डच्या सेटिंगमध्येच सापडते. एका लेआउटवरून दुसऱ्यावर जायला कुठल्या कळा दाबायच्या तेही तिथेच ठरवता येतं. खालच्या पट्टीवर चालू लेआउटची खूण येते. मराठी आणि गुजराती दोन्हींना एकच झेंडा दिसत असेल तर झेंड्याऐवजी अक्षरं दाखवायचा पर्याय निवडा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

यादीत मराठीचे दोन प्रकार दिसतील, इनस्क्रिप्ट आणि उच्चारावर चालणारा कागप. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर कागप जवळचा वाटेल. पण तुम्ही शिक्षिका होतात, म्हणून आग्रहाने सांगतो, पंधरा दिवस देऊन इनस्क्रिप्ट शिका. हा भारत सरकारने ठरवलेला प्रमाण लेआउट आहे आणि त्याची मोठी सोय अशी की सगळ्या भारतीय लिप्यांत अक्षराची जागा एकच. इंग्रजी के-च्या कळीवर मराठीत क आहे, गुजरातीतही क. एल-वर त, एच-वर प, सी-वर म, व्ही-वर न, दोन्हीकडे. मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मराठी शिकलात की गुजराती टायपिंग हातात आलेलंच असतं, नुसता लेआउट बदलायचा. महाराष्ट्रातल्या माणसाला याचं फारसं अप्रूप नसेल. आपल्याला रोज उपयोगी पडतं.

एक खाच दाखवून ठेवतो, कारण यावर अडलेले लोक माझ्याकडे येतात. मंडळाच्या हिशेबात 'आचाऱ्यांना आगाऊ' लिहायचं आहे. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं तर रफार होतो आणि शब्द 'आचार्यांना' बनतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी जे-ची कळ दाबा, खाली टिंब असलेला ऱ येईल. मग डी म्हणजे हलन्त. मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा य. 'वऱ्हाड', 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या' हे सगळं असंच. ळ हवा तर शिफ्ट आणि एन. या दोन कळा लक्षात राहिल्या की मराठीचं अडत नाही.

जुन्या फाइलींबद्दल एक सावधगिरी. पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरं, नसतो, त्यामुळे नव्या संगणकावर तो इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तसंच दिसतं. फॉन्टची फाइल तुमच्याकडे असेल तर डबल-क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा. नसेल तर विंडोज अजून चालू आहे तोवर त्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवा.

आता बसवतानाची वेळ. इथे सगळ्यात जास्त अडतं ते वायफायवर. लॅपटॉपमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर काही करावं लागत नाही. इतर काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो. लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्यातली बरीचशी आपोआप चालू लागली आहेत, सगळी नाही. वायफाय दिसतच नसेल तर घाबरून टर्मिनल उघडू नका. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं इंटरनेट वाटतं आणि लगेच मिळतं. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या यादीत असेल तर निवडून 'अप्लाय' करायचं. यादीत काहीच आलं नाही तरच ते प्रकरण टर्मिनलचं होतं, आणि तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगतो की त्यात शिरू नका, खटपट न करता चालणारा छोटा यूएसबी वायफाय घ्या.

प्रिंटरचं तसंच आहे, फक्त इथे फरक टोकाचे आहेत. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर, ज्यांच्या खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असतं, ते ड्रायव्हरशिवाय चालतात. प्रिंटर आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले की यादीत नाव आपसूक येतं, स्कॅनरसुद्धा. पण आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून आणि ऑफिसांतून एका कंपनीचा एक जुना छोटा लेझर प्रिंटर अजून फार दिसतो. तो मशीन म्हणून दणकट आहे. मात्र तो स्वतःचीच एक भाषा बोलतो आणि त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर ३२ बिटांच्या जुन्या काळातला आहे. मांडवीजवळच्या एका वकिलांकडे तो चालवायला मी अख्खी दुपार टर्मिनलमध्ये घालवली. चालला. पुढच्या मोठ्या अपग्रेडनंतर पुन्हा बंद पडला. दुसऱ्या वेळी मी ते काम घेतलं नाही, त्यांना प्रिंटर बदलायला सांगितलं. ज्याला टर्मिनल नको आहे त्याने असा प्रिंटर ठेवून लिनक्सवर येऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

बिघडल्यावर काय होतं, ते एका प्रसंगातून सांगतो. रावपुऱ्यातल्या एक आजी, वय ७१, माझ्याकडून मिंट घेऊन दोन वर्षं वापरत होत्या. टर्मिनल त्यांनी पाहिलंही नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी मात्र मेलेली, चार्जर लावूनच चालायचा. पावसाळ्यातली संध्याकाळ, त्यांनी अपडेटचं बटण दाबलं आणि दिवे गेले. वीज आल्यावर लॅपटॉप सुरू झाला, ब्राउझर चालला, सगळं ठीक. पण ढालीवर लाल खूण, आणि उघडल्यावर इंग्रजीत निरोप, की डीपीकेजी मध्येच थांबलं आहे, अमुक आज्ञा तुम्ही स्वतः चालवा.

डीपीकेजी म्हणजे पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांचे गठ्ठे, उघडून जागच्या जागी ठेवणारा प्रोग्राम. घर लावताना अर्धं सामान खोक्यात असताना हमाल निघून जावा तशी गत झालेली असते. उरलेलं लावून झाल्याशिवाय तो नवीन काही घेत नाही. संगणक चालत राहतो, फक्त अपडेट अडकतात. आजींनी मला फोन लावला. मी म्हटलं, घाबरू नका, काहीही हरवलेलं नाही. मग फोनवरूनच टर्मिनल उघडायला सांगितलं आणि एकेक अक्षर सांगत गेलो: सुडो, मोकळी जागा, डीपीकेजी, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून कॉन्फिगर, मोकळी जागा, एक रेघ, ए. एंटर. पासवर्ड मागेल तो द्या. जुन्या पद्धतीत पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही आणि नवखा माणूस तिथेच थबकतो. मिंटने तिथे फुल्या दाखवायची सोय केली आहे, त्यामुळे आजींना तो घोर पडला नाही. अक्षरं सरकत गेली, दोन मिनिटांत थांबली. पुन्हा ढाल उघडली तर हिरवी.

दोन वर्षांत टर्मिनल लागलं ते एवढं एकदा, तेही फोनवर दुसरं कोणीतरी होतं म्हणून जमलं. ते टाळताही आलं असतं. सुरू होताना एस्केप दाबून बूटचा मेनू आणायचा, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', आणि तिथल्या यादीत डीपीकेजी निवडायचं. तेच काम बाणाच्या कळांनी होतं. पण खरा दोष मेलेल्या बॅटरीचा होता. बॅटरी बदलल्यापासून आजींचा त्याबद्दल फोन आलेला नाही. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नसेल तर तो खर्च आधी करा.

याहून मोठा बिघाड, म्हणजे अपडेटनंतर स्क्रीनच आली नाही वगैरे, त्यासाठी टाइमशिफ्ट आहे. ते मिंटबरोबरच येतं. पहिल्या दिवशी स्वागताच्या पडद्यावरच त्याचं बटण असतं. दर आठवड्याला एक आणि एकूण तीन प्रती ठेवायला सांगायचं. ते सिस्टिमची जशीच्या तशी प्रत ठेवतं. काही बिघडलं तर बिघाडाच्या आधीच्या तारखेवर क्लिक करून मागे जायचं. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर मिंटचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करायचं आणि तिथलं टाइमशिफ्ट उघडून तीच प्रत परत बसवायची. यात एकही आज्ञा नाही. म्हणून बसवल्यावर तो पेनड्राइव्ह पुसू नका, बॅगेत तसाच ठेवा. प्रती बाहेरच्या डिस्कवर ठेवायच्या असतील तर ती डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. नेहमीच्या विंडोजच्या पेनड्राइव्हवर टाइमशिफ्ट प्रत घेत नाही.

आणि टाइमशिफ्ट तुमचे फोटो, हिशेब, पत्रं सांभाळत नाही. ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, म्हणजे सिस्टिम मागे नेली तरी कालचं लिहिलेलं पत्र मागे जात नाही. कागदपत्रांची प्रत वेगळी घ्यायला हवी, मिंटच्या बॅकअप टूलने किंवा सरळ बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यांवरचे संगणक माझ्याकडे चिखलासकट आले. संगणक दुसरा घेता येतो. पण आईवडिलांचे स्कॅन केलेले फोटो एकाच डिस्कवर होते असं सांगणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देणार होतो? प्रत काढा आणि ती वरच्या मजल्यावर, दुसऱ्या घरात, मुलीकडे, कुठेही ठेवा, पण त्याच टेबलाच्या खणात नको.

त्या पुरानंतर बऱ्याच जणांनी ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप घेतले, थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडसारखे. लिनक्ससाठी माझा अनुभव त्यांच्यावर फार चांगला आहे. पुष्कळांत इंटेलचं वायफाय असतं, सुटे भाग मिळतात, बॅटरी बदलता येते. तुमचा लॅपटॉप तपासणीत नापास झाला तर नव्याच्या आधी तिकडे बघा.

आता टर्मिनलमध्ये खरोखर कोण अडकतं ते सांगतो. आजींसारखी माणसं नाहीत, कारण त्या छेडछाड करत नाहीत. अडकतात ते विंडोज चांगलं येणारे, ज्यांना प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी हवी असते. एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. सुरू केला तर नुसती काळी स्क्रीन आणि लॉगिनची ओळ. त्याला पायथन या भाषेची वेगळी आवृत्ती हवी होती. कुठेतरी वाचून त्याने आधीचं पायथन काढून टाकायची आज्ञा दिली. मिंटचे कितीतरी भाग पायथनवर उभे आहेत, त्यामुळे त्याच्याबरोबर डेस्कटॉपच निघून गेला. टर्मिनलने काय काय काढणार आहे त्याची लांबलचक यादी दाखवून 'करू का' असं विचारलं होतं. त्याने न वाचता हो म्हटलं. त्याच्याकडे टाइमशिफ्टची प्रत नव्हती.

तुम्ही इंटरनेटवर अडचण शोधलीत तर उत्तरं आज्ञांच्याच रूपात मिळतील, आणि त्यावरून लिनक्स म्हणजे आज्ञाच असा समज होतो. त्याचं कारण साधं आहे. लिनक्सचे डेस्कटॉप अनेक आहेत. कुठलं बटण कुठे, हे प्रत्येकात वेगळं. आज्ञेची एक ओळ मात्र सगळीकडे चालते आणि ती नुसती कॉपी करता येते. उत्तर देणाऱ्याला चित्रं काढत बसावं लागत नाही. म्हणजे आज्ञा त्याच्या सोयीसाठी असते. तेच काम मिंटमध्ये बटणाने होतं का, हे आधी बघा. बहुतेक वेळा होतं. आणि समजत नसलेली ओळ, विशेषतः सुडोने सुरू होणारी, चिकटवू नका. सुडो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या हातात देणं. उत्तराची तारीखही बघा. दहा वर्षांपूर्वीच्या उबुंटूसाठी लिहिलेलं उत्तर आज उपाय ठरेलच असं नाही, अपाय मात्र करू शकतं.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवावं का, असं भाचा विचारेल. तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. विंडोज आणि लिनक्स घड्याळ वेगळ्या पद्धतीने ठेवतात. त्यामुळे कधी कधी लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, बरोबर आपल्या आणि ग्रीनिचच्या वेळेतला फरक. ते कायमचं सरळ करायचा सोपा मार्ग टर्मिनलमधून जातो. विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' चालू राहिला तर डिस्कच्या विंडोजवाल्या भागातल्या फाइली लिनक्समधून वाचता येतात पण बदलता येत नाहीत. दोन संसार सांभाळण्यात जो त्रास होतो तो बराचसा लिनक्सच्या नावावर लागतो.

काही जणांना मी लिनक्स देतच नाही. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. खटपटी करून ते चालवणारे आहेत, पण व्यापाऱ्याचा हिशेब खटपटीवर ठेवू नये. लग्नपत्रिका छापणारे पेजमेकर आणि कोरलवर, जुन्या फॉन्टांत काम करतात, त्यांनीही जागचं हलू नये. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनने सरकारी पोर्टलवर सह्या करणाऱ्यांनीही विंडोज ठेवावं. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण ते बसवणं म्हणजे पुन्हा टर्मिनल. तुमच्या कामांत यातलं काही नाही. मंडळाचा हिशेब टॅलीत असेल आणि तुम्ही ते लिहायचं विसरला असाल, तर मात्र आधी सांगा, माझं उत्तर बदलेल.

तुमच्या लॅपटॉपपुरतं बोलायचं तर साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क, टाका. लिनक्स असो की विंडोज, दहा वर्षांच्या लॅपटॉपला त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. ४ जीबी रॅमवर मिंट चालतं, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की अडखळेल, म्हणून जमलं तर ८ करा. जुनी हार्ड डिस्क पुसू नका. ती तशीच ठेवली की तुमचं विंडोज आणि सगळ्या फाइली त्यात शाबूत राहतात, आणि मन बदललं तर परत लावता येते.

पण त्याच्याही आधी पेनड्राइव्हवरून बघा. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. रूफस नावाच्या प्रोग्रामने भाच्याला ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवता येईल. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की काहीही न बसवता आणि विंडोजला हात न लावता पूर्ण मिंट समोर येतं. पेनड्राइव्हवरून जरा सावकाश चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. वायफाय जोडा. एक गाणं लावा. कॅमेरा उघडा. मुलीला मीटवरून पाच मिनिटं कॉल करा आणि तिला आवाज स्पष्ट येतो का ते विचारा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा आणि स्क्रीन परत येते का बघा. हे बरेच जण तपासत नाहीत आणि नंतर पस्तावतात. मराठी लेआउट जोडून 'आचाऱ्यांना' लिहा. शेवटी तुमच्या प्रिंटरवर एक पान काढा.

प्रिंटर कुठला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेलचं पूर्ण नाव आणि आकडा असतो, त्याचा फोटो पाठवा. तो वर सांगितलेल्या जुन्या जातीचा निघाला तर एसएसडी घेण्याआधी आपल्याला त्याचाच विचार करावा लागेल.